सुंदरामायच्या नावेचं फिटनेस सर्टिफिकेट

तमाम जनतेस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, लातूर शहरातली सर्वात मोठी बोटतज्ज्ञ मी आहे. दुसरं कुणीच नसल्यामुळे सर्वात लहान बोटतज्ज्ञही मीच आहे. ही नेमणूक आमच्या प्राचार्यांनी स्टाफरूमच्या दारात, हातातला चहाचा कप खाली न ठेवता, अर्ध्या मिनिटात केली.

"मॅडम, बोटीचं तुम्हीच शिकवता ना?"

"फ्लुइड मेकॅनिक्स शिकवते, सर. त्यात एक चॅप्टर बोटीचा आहे."

"झालं तर मग. उद्या हिमायतनगरकडे जायचं. एक नाव तपासायचीय."

"सर, मी आयुष्यात कधी नावेत बसलेली नाही."

"बसायचं कुठं आहे? तपासायचीय."

मी एका खाजगी तंत्रनिकेतनात शिकवते. बावीस वर्षं झाली. जन्म औशाचा, नोकरी लातूरची. ज्या शहराला एका उन्हाळ्यात प्यायचं पाणी रेल्वेनं आणावं लागलं, त्या शहरात मी दरवर्षी एका वर्गाला बोट पाण्यात का उलटत नाही हे फळ्यावर चित्र काढून पटवून देते. मुलं मान डोलावतात. त्यांनीही बोट पाहिलेली नसते. त्यामुळे आमच्यात कधी मतभेद झालेले नाहीत.

प्रकरण असं होतं. त्या पावसाळ्यात दूर, समुद्राजवळच्या एका खाडीत प्रवासी बोट उलटली. माणसं गेली. खूप गेली. पंधरा दिवस टीव्हीवर दुसरं काही नव्हतं. आधी धक्क्यावर ओळीनं मांडून ठेवलेल्या चपला दाखवल्या, मग पुढारी, मग मेणबत्त्या, मग कधीच बोट न चालवलेल्या आठ माणसांची चर्चा. चौकशीत निघालं ते साधं होतं. बोटीत माणसं जास्त होती. पाऊस एका बाजूनं झोडपायला लागला, तशी सगळी दुसऱ्या बाजूला सरकली. बोट तेवढ्यानं गेली.

चपलांचा तो फोटो पेपरातून कापून मी माझ्या नोट्सच्या फाईलमध्ये ठेवला. त्या चॅप्टरला मी तोवर 'आठ मार्कांचा प्रश्न' म्हणत होते.

मग हुकूम निघाला. प्रवासी वाहतूक करणारी प्रत्येक नाव आधी सील करा, मग तपासा, पास झाली तरच सोडा. नापास झाली तर तोडून टाका. बोटी तपासणारे खरे सर्व्हेअर समुद्रकाठी असतात आणि त्यांच्यापुढे भली मोठी रांग लागलेली. म्हणून 'स्थानिक तांत्रिक तज्ज्ञांची मदत घ्यावी' अशी एक ओळ हुकमात घातली गेली. ती ओळ वाचून नांदेडचे सगळे तज्ज्ञ एकाच दिवशी आजारी पडले. फाईल लातूरला आली. आमच्या प्राचार्यांना आजारी पडायचं सुचलं तोवर त्यांनी फाईल घेतल्याची सही केली होती.

माझ्याबरोबर निघाले आमचे लॅब असिस्टंट देवीदासमामा. मूळचे लातूरजवळच्या मुरूडचे. रिटायरमेंटला दोन वर्षं. मी त्यांना यादी दिली होती: गवंड्याचा ओळंबा, फूटपट्टी, बादली, मोजायची टेप. मामांनी यादीतलं सगळं आणलं आणि वर ट्रकच्या चाकाची एक फुगवलेली ट्यूब आणली. ती जीपच्या मागच्या सीटवर तिसऱ्या माणसासारखी बसली होती.

"ही कशाला, मामा?"

"मला पवता येतं, मॅडम. ही तुमच्यासाठी."

गावाचं नाव सांगत नाही. तिथं सगळ्यांकडे मोबाईल आहे. गाव पैनगंगेच्या अलीकडच्या काठावर, आणि गावाची निम्मी शेतं पलीकडच्या काठावर. पूल आहे, पण तो इतका लांब की पुलावरून शेतात जाणारा माणूस पोचेपर्यंत घरी परतायची वेळ होते. त्यामुळे सगळी ये-जा एका पत्र्याच्या नावेतून. वीसेक फूट लांब, सहा-सात फूट रुंद, सपाट तळाची, दोन्ही कडांना लाकडी बाक.

घाटावर नायब तहसीलदार साहेब आमची वाट पाहत उभे होते. तहसीलदारांना जिथं जायचं नसतं तिथं ज्यांना जावं लागतं, त्यांना नायब तहसीलदार म्हणतात. वयानं तरुण, बूट चकचकीत, हातात प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये फॉर्म. नाव काठाला बांधलेली होती. तिच्या वल्ह्याला दोरी गुंडाळून वर लाखेचं सील. आणि त्या वल्ह्याजवळ, आजारी म्हशीजवळ बसावं तशी, साठीची एक बाई बसली होती. नऊवारीचा काष्टा, कपाळ मोकळं, दंड माझ्या मांडीएवढे. गाव तिला सुंदरामाय म्हणतं. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं नाव तीच चालवते.

तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"तुमीच का बोटीच्या डाक्टर?"

"हो."

"किती बोटी बघितल्या आजवर?"

खोटं बोलायची फार इच्छा झाली. पण दंड पाहिले आणि खरं सांगितलं. "ही पहिलीच."

"मग काय हरकत न्हाई. माझीबी ही पहिलीच हाय." ती उठली. "हे बघा मॅडम, पास करा न्हाईतर नापास करा, पन आजच्या आज करा. वीस दिस झाले. माझं सोडा, मी खाईन चटणी-भाकर. पन लोकं कशातून जाऊन राहिले ते तरी बघा."

तिनं नदीकडे बोट केलं. नदीतून एक गुळाची काहील येत होती.

काहील म्हणजे गुऱ्हाळात उसाचा रस आटवायची प्रचंड लोखंडी कढई. तीत चार माणसं उकिडवी बसली होती, मधे सोयाबीनची दोन पोती. काहील गोल. तिला पुढचं-मागचं काही नसतं. त्यामुळे ती सरळ जात नाही, गरगर फिरत जाते. काठाला लागल्यावर त्यातला पहिला माणूस उतरला, झिंगल्यासारखा चार पावलं चालला आणि पुन्हा पाण्यात शिरला.

"साहेब, हिला सील नाही लावलं?" मी विचारलं.

नायब साहेबांनी खेदानं मान हलवली. "मॅडम, हुकूम जलवाहतूक साधनांना आहे. हे स्वयंपाकाचं भांडं आहे."

तेव्हा सगळं माझ्या नीट ध्यानात आलं. मी नापास म्हटलं तर उद्या गॅस कटर येणार, सुंदरामायच्या नावेचे तुकडे होणार आणि गाव कायमचं कढईतून जाणार. मी न तपासताच पास म्हटलं, तर माझ्या फाईलमध्ये एक फोटो होता.

आधी फॉर्म. बेचाळीस कॉलम. कुठल्यातरी मोठ्या लाँचसाठी केलेला फॉर्म तसाच इकडं पाठवला होता.

"जवळचं बंदर?" नायब साहेबांनी वाचलं.

"लिहा, लागू नाही."

"लागू नाही लिहिलं की सिस्टीम पुढचं पान उघडत नाही."

मग 'नांदेड रेल्वे स्टेशन' लिहिलं. पुढचं पान उघडलं.

"भरती-ओहोटीच्या वेळा?"

सुंदरामायनं बसल्या जागेवरून उत्तर दिलं. "भरती आषाढात. ओहोटी दिवाळीच्या मागं."

"धोक्याचा भोंगा आहे का?"

तिनं तोंडाभोवती दोन्ही हात धरले आणि "होऽऽऽ" केलं. पलीकडच्या काठावर बसलेली एक म्हैस उठून उभी राहिली. नायब साहेबांनी लिहिलं: आहे, चालू स्थितीत.

"प्रवासी क्षमता?"

"बारा."

मी मनातल्या मनात खूश झाले. एवढ्या नावेला बारा माणसं म्हणजे चांगलंच. "बाराच घेता? छान."

"बारा वरच्या आळीची. आन् बारा खालच्या आळीची."

आणि मग ते बाहेर आलं, जे बेचाळीस कॉलमांत कुठंच नव्हतं.

गावात एकच आडनाव, एकच भावकी, पण दोन आळ्या. वरच्या आळीचे मुख्य बाबाराव, खालच्या आळीचे नामदेवराव. दोघं सख्खे चुलतभाऊ. अकरा वर्षांपूर्वी भावकीतल्या एका लग्नाच्या पत्रिकेत, निमंत्रकांच्या यादीत, बाबारावांचं नाव नामदेवरावांच्या खाली छापून आलं. बाबाराव सहा महिन्यांनी मोठे. पत्रिका वाटून झाल्या होत्या. तेव्हापासून बोलणं बंद. दोघांचंच नाही, दोन्ही आळ्यांचं. नावेत डावा बाक वरच्या आळीचा, उजवा खालच्या आळीचा. मधली रेघ कुणी ओलांडायची नाही. दुसऱ्याच्या बाकाला पाय लागला तरी इज्जतीचा प्रश्न.

"आणि समजा एकाच आळीची माणसं आली तर?" मी विचारलं. "निम्मी इकडं, निम्मी तिकडं बसवता?"

"अगं माय! बसतेत व्हय? थांबायचं मग. दुसऱ्या आळीचे तितकेच येईस्तवर नाव हालत न्हाई. एकीकडं आठ आन् एकीकडं दोन असं केलं तर नाव रुसती. हे मला कोन शिकवलं न्हाई, तिनंच शिकवलं."

"आणि अकरा वर्षांत कधी उलटली नाही?"

"उलटंल कशी? जागचं कोन हालतंय?"

मी वहीत लिहिलं: स्थैर्याचं कारण, अबोला.

आता थोडी शिकवणी. नाव पाण्यावर उभी राहते ती वजनाच्या जागेमुळे. रिकामी घागर हौदात सोडा, ती लगेच आडवी होते. तळाला थोडं पाणी घाला, ती उभी राहते आणि ढकलली तरी परत उभी होते. वजन खाली असेल तर नाव स्वतःला सावरते. वजन वर असेल, किंवा एका बाजूला सरकलं, तर सावरत नाही. किती झुकल्यावर सावरते आणि कुठून पुढे सावरत नाही, हे शोधायला एक टेस्ट असते. नाव स्थिर पाण्यात उभी करायची, ठरावीक वजन एका बाजूनं दुसऱ्या बाजूला न्यायचं, आणि नाव किती कलली ते ओळंब्यानं, म्हणजे दोरीला टांगलेल्या जड गोळ्यानं, मोजायचं. ओळंब्याचा गोळा हलत राहू नये म्हणून तो पाण्यानं भरलेल्या बादलीत सोडतात. एवढंच. वाळूची पोती घेऊन अर्ध्या तासात होणारं काम.

"पोती नाही चालणार," नायब साहेब म्हणाले. "कॉलम एकतीस. 'प्रत्यक्ष प्रवाशांसह चाचणी'."

मग मी जागा निवडली. काठालगत, कमरेइतकं पाणी, वाहतं नाही. दोन्ही टोकांना दोर, दोर काठावरच्या बाभळीला. प्रवासी फक्त मोठी आणि पोहता येणारी माणसं, असं मी दोनदा सांगितलं. बारा आणि बारा आले. नवे कपडे घालून आले. बाबाराव डाव्या बाकावर टोकाला बसले, नामदेवराव उजव्या बाकावर टोकाला, दोघांची तोंडं विरुद्ध दिशेला. आपल्याला पोहता येत नाही हे बाबारावांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आळीचा पुढारी दुसरा कुणी झाला असता.

मी, ट्यूबसकट मामा, नायब साहेब आणि सुंदरामायही नावेत चढलो. ओळंबा बांधायला तिथं एकच उभा बांबू होता. सुंदरामाय त्यात पावसाळ्यात छत्री खोचते. तो डाव्या कडेला होता. मी ओळंबा त्यालाच बांधला, खाली बादली, बादलीच्या काठावर फूटपट्टी. इथं मी चूक केली. ओळंबा नेहमी मधोमध बांधावा. पुस्तकात याचं कारण दिलेलं नाही. मी देणार आहे.

"आता उजवीकडच्या चार जणांनी उठून डावीकडे यायचं," मी वर्गातल्या आवाजात म्हटलं.

कुणी हललं नाही. नामदेवराव नदीकडे बघत म्हणाले, "तिकडं? आमी?"

"दोन मिनिटांसाठी, काका."

"दोन मिनिटं बसलो तरी बसलोच की."

"बरं, मग डावीकडच्या चार जणांनी उजवीकडे..."

बाबारावांनी फक्त भुवई वर केली. तेवढ्यावर मी वाक्य गिळलं.

"असं करू," मी म्हटलं. "कुणी कुणाच्या बाकावर बसू नका. एका बाजूच्या चार जणांनी नुसतं खाली पाण्यात उतरा. वजन कमी झालं की नाव दुसरीकडे कलेल. तेही चालतं."

"आमचेच कामून उतरायचे?" नामदेवराव.

"मग यांचे उतरवू."

"आमचे कामून?" बाबाराव.

"दोन्हीकडचे चार-चार उतरवा," नायब साहेबांनी तडजोड काढली. त्यांच्या नोकरीत ही तडजोड नेहमी चालते.

"साहेब, दोन्हीकडचे उतरले तर नाव कलणार कशी?"

शेवटी टॉस झाला. नायब साहेबांनी खिशातून नाणं काढलं, दोन्ही बाजूंना दाखवलं आणि उडवलं. खालची आळी हरली. तिच्यातले चार जण धोतर-पँट वर खोचून, फाशीला निघाल्यासारखे पाण्यात उतरले. नाव हळूच डावीकडे कलली. मामांनी बादली धरली. मी वाकून पट्टी वाचली आणि वर्गातल्या सवयीनं मोठ्यांदा सांगितलं, "डावीकडे, अडीच सेंटिमीटर!"

डाव्या बाकावर टाळ्या झाल्या.

"बघा!" बाबाराव कुणाकडेही न बघता म्हणाले. "वजन कुनीकडं हाय ते नदीनंच सांगितलं!"

"आमचे चार गडी उतरवून वजन दावता व्हय?" नामदेवराव उसळले. "फेरमोजनी करा!"

"काका, ही मतमोजणी नाही."

"मग मोजायच्या जाग्याला आमचा मानूस कामून न्हाई? बांबू त्यांच्याकडं, बादली त्यांच्याकडं, पट्टी त्यांच्याकडं! आन् निकाल पन त्यांच्याकडं!"

खरं सांगते, मुद्दा बिनतोड होता. बांबू त्यांच्याकडेच होता.

नामदेवराव उठले. चष्मा लावला. आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी मधली रेघ ओलांडली. त्या क्षणी मी ओरडायला हवं होतं. पण मी शिक्षिका आहे. बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणी रीडिंग स्वतःच्या डोळ्यांनी बघायला उठलं होतं. मला भरून आलं.

नामदेवराव बादलीवर वाकले. त्यांच्यावर लक्ष ठेवायला बाबाराव वाकले. बाबारावांवर लक्ष ठेवायला खालच्या आळीचे उरलेले सात जण आले. त्या सातांनी पट्टी सरकवू नये म्हणून वरच्या आळीचे बाकावर उभे राहिले. एवढी माणसं एका बादलीभोवती. "शांतता राखा! एकेका प्रतिनिधीनंच यावं!" असं ओरडत नायब साहेबही आले, कारण निवडणुकीत ते हेच काम करतात.

"बसा खाली!" सुंदरामाय गरजली. "बसा रं मुडद्यांनो!"

हे चित्र मी बावीस वर्षं फळ्यावर काढत आले आहे. फळ्यावर वजन दाखवायला बाण असतात. इथं बाण नव्हते, नामदेवराव होते. ओळंबा पट्टीवर पाच सेंटिमीटर गेला, नऊ गेला, मग पट्टीच्या बाहेर गेला. डावी कड पाण्याला टेकली. पाणी आत आलं, अगदी शांतपणे, आपल्याच घरात यावं तसं. आणि नाव आडवी झाली.

एक मोठा धबाक् आणि मग कमरेइतक्या पाण्यात सगळं गाव. कुणी बसलेलं, कुणी उभं, कुणी शोधतंय की आपण बसलोय की उभे आहोत. चेष्टेची वेळ होती, पण मला हसू आलं नाही. पाण्यावर चपला तरंगत होत्या. जोडच्या जोड.

मी माणसं मोजली. चोवीस प्रवासी, नायब साहेब, सुंदरामाय, मामा, मी. अठ्ठावीस पाहिजेत. सत्तावीस भरले. पुन्हा मोजले. सत्तावीस. माझे पाय पाण्यात होते तरी घाम फुटला.

"एक कमी आहे! कोण नाही?"

"मी हाय, मॅडम," दोराच्या टोकाकडून आवाज आला. देवीदासमामा ट्यूबमध्ये बसलेले, पाय वर, बादली छातीशी. "ट्यूब तुमचीच हाय. पन तुमी लांब होता."

आता मात्र मी हसले. मग सगळेच हसले. फक्त दोघं हसत नव्हते. बाबारावांनी नामदेवरावांच्या गळ्याला दोन्ही हातांनी मिठी मारली होती. पाणी कमरेइतकं होतं, पण पोहता न येणाऱ्या माणसाला ते कुणी सांगितल्याशिवाय पटत नाही.

"सोडू नको रं, नाम्या!"

"सोडतो व्हय, बाब्या! पाय टेकव की! पाय हायत न्हवं तुला?"

नाव ओढून काठाला घेतली. नायब साहेब बूट उलटे करून पाणी काढत होते. त्यांनी ओला फोल्डर उघडला. "मॅडम, नापास ना? म्हणजे मी कटरवाल्याला फोन करतो. फोन चालू झाला की."

सुंदरामाय काठावर बसून होती. आडव्या नावेकडे बघत होती. ओल्या पदराचं पाणी पिळत होती.

"थांबा, साहेब," मी म्हटलं. "तुम्ही नाव कशी उलटली ते पाहिलं ना? चार जण उतरले तेव्हा ती उलटली नाही. कलली आणि थांबली. ती गेली, सगळे बादली बघायला आले तेव्हा. खाडीतली बोटही अशीच गेली. म्हणजे आजार काय आहे ते आपल्याला कळलंय. ते कळल्यावर पेशंटला कुणी कटर लावतं का?"

"पण फॉर्ममध्ये दोनच चौकोन आहेत. पास किंवा नापास."

"आज संध्याकाळपर्यंत वेळ आहे ना? मग चौकोन भरायची घाई नको."

त्यानंतरचे चार तास माझ्या नोकरीतले सगळ्यात आनंदाचे. वाळूची दहा पोती भरून नावेच्या तळाला, अगदी मधोमध, घट्ट बांधली. घागरीत पाणी घालावं तशी. बाकांचे पाय एकेक वीत कापले, म्हणजे बसलेल्या माणसाचं वजन खाली आलं. मधल्या रेघेवर टोकापासून टोकापर्यंत कमरेइतका उंच बांबूचा कठडा बांधला. सरकायचं म्हटलं तरी पलीकडे सरकता येणार नाही. चोवीसची सोळा माणसं केली, आठ आणि आठ. मग परत टेस्ट. या वेळी ओळंबा मधोमध, कठड्याच्या बरोबर वर. दोन्ही बाजूंना सारखाच दिसेल असा. मी एका बाजूला आठ बसवले आणि दुसरी बाजू पूर्ण रिकामी ठेवली. यापेक्षा वाईट काही होऊ शकत नव्हतं. नाव कलली, थांबली, कड पाण्याच्या वर वीतभर राहिली. त्या आठ जणांना उभं केलं, नाचायला लावलं. ते नाचले. नाव तिथंच.

आकडे तीनदा तपासले. एकदा माझ्यासाठी, एकदा फॉर्मसाठी आणि एकदा त्या फोटोसाठी. मग 'पास' च्या चौकोनात खूण केली आणि खाली अटी लिहिल्या. एका बाजूला आठच्या वर नाहीत. कठडा काढायचा नाही. पोती काढायची नाहीत. चालत्या नावेत उठायचं नाही. जाताना मी न विचारता पाचवी अट घातली: काहील गुऱ्हाळात परत न्यावी.

नायब साहेबांनी चाकूनं वल्ह्याचं सील फोडलं. सुंदरामायनं वल्हं हातात घेतलं, एकदा तोललं, पदरानं पुसलं. मला म्हणाली, "पहिलीच बोट होती म्हनता, पन हात बरा हाय तुमचा." पोस्टग्रॅज्युएशनला मला इतकी चांगली ग्रेड मिळाली नव्हती.

आता धडा. धडा लिहावाच लागतो, नाहीतर संपादक लेख परत पाठवतात. बोट पाण्यामुळे फार क्वचित बुडते. ती बुडते आतल्या सगळ्यांना एकाच वेळी एकच गोष्ट बघायची असते म्हणून. त्या चॅप्टरला मी आता आठ मार्कांचा प्रश्न म्हणत नाही. आणि ओळंबा मधोमध बांधते.

पण त्या संध्याकाळचं अजून थोडं बाकी आहे. पहिली फेरी निघायची होती. सोळा जण आले. पुढे बाबाराव आणि नामदेवराव, एकमेकांचे वाळलेले सदरे घालून, कारण घाईत कुणाचं काय ते कळलं नव्हतं. दोघांची कसली तरी जुनी गोष्ट चालली होती, कुठल्याशा विहिरीत दोघांनी मिळून कुणाची तरी सायकल टाकल्याची. बोलत बोलत दोघंही डाव्या बाकावर बसले. त्यांचं ऐकायला वरच्या आळीचे तिकडेच बसले. खालच्या आळीचे कसे मागं राहतील? तेही डावीकडेच शिरू लागले. उजवा बाक अख्खा रिकामा. अकरा वर्षांचं बोलणं साचलेलं, एकाला एक ऐकू देत नव्हता. आठ मोजून झाले तरी नववा चढतच होता.

सुंदरामायनं रिकाम्या बाकाकडे पाहिलं. भरलेल्या बाकाकडे पाहिलं. वल्हं आडवं घालून नववा अडवला, वळली, आणि काठावर जीपचं दार उघडून उभ्या असलेल्या मला, पलीकडच्या म्हशीलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली:

"ओ मॅडम! ह्यांचं भांडन आधी होतं तसं लावून द्या, आन् मगच लातूरला जावा!"